मोटी की मोठी

॥ श्री ॥

मखमलाबाद रस्ता, नाशिक
२ फेब्रुवारी १९९४

सौ. उज्वलावहिनीस,
छायाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

वहिनी लिहिताना पेन दोनदा अडले. माझा भाऊ गोरक्षदादा जाऊन तेहेतीस वर्षे झाली आणि तुझा दुसऱ्या घरी पाट लागून तू दमणला गेलीस त्याला येत्या मे महिन्यात एकोणतीस होतील. रीतीने पाहिले तर तू आता आमची कुणी नाहीस. पण मग काय म्हणायचे हे कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी मला शिकवले नाही, तेव्हा वहिनीच. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस.

आबा दिवाळीत गेले. ब्याण्णव वर्षांचे होते. शेवटच्या आठवड्यापर्यंत गुलाबाच्या वाफ्यात उभे राहून गड्यांना शिव्या देत होते. मी गेल्या वर्षी प्रेसमधून निवृत्त झाले. तेहेतीस वर्षे पोस्टाच्या तिकिटांचे ताव तपासले, एक वाकडे दात पडलेले तिकीट माझ्या नजरेतून सुटले नाही. आता घरी बसून लग्नपत्रिकांतल्या चुका तपासते. काल एका पत्रिकेवर माझ्या नावामागे गं. भा. लावलेले आले. लग्नच न केलेल्या बाईला विधवा करून टाकले! मी पत्रिका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली आणि लग्नाला गेले नाही.

आता मुद्द्याचे. तुझा शेखर सदतीस वर्षांचा झाला. पाटाच्या वेळी पोरगा आमच्या घरी राहील ही अट आबांनी घातली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, तेव्हापासून तो माझ्याजवळ आहे. इंजिनीअर आहे, बायको मैना समजूतदार आहे, मुलगी सृष्टी पाच वर्षांची आणि फाजील आहे. १८ मार्चला तो नोकरीसाठी मस्कतला चालला आहे. दोन वर्षे सुट्टी नाही. पुढचे कुणी पाहिले?

तू त्याला एकदा पाहावेस असे मला वाटते. अकरा वर्षांचा असताना त्याने तुझे नाव या घरात काढू नका असे सांगितले, ते आजवर पाळले गेले. म्हणून मी त्याला काही सांगणार नाही. रविवारी २० तारखेला यादवची अँबॅसिडर ठरवली आहे. मला जुने फिरंगी बंदर पाहायचे आहे, एवढेच घरात सांगितले आहे. ते खोटेही नाही. तिथून जहाजे आफ्रिकेला जात असे सिस्टर भूगोलाच्या तासाला सांगत, आणि मी साठीला आले तरी समुद्र फक्त मुंबईचा पाहिला आहे. समोरासमोर आल्यावर तो काही तोंड फिरवणार नाही. तेवढ्या रीती मी त्याला शिकवल्या आहेत.

हे मी करते आहे खरी, पण मला त्याची भीतीही वाटते. पोरगा माझ्या हातून जाईल याची. असो. कुठे भेटायचे ते उलट टपाली लिही. नीट लिही.

तुझी,
छाया

*

॥ श्री ॥

मोटी दमण
८ फेब्रुवारी १९९४

ती. स्व. छायावन्संना,
उज्वलाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र दारात उभी राहूनच वाचले. पोस्टमन म्हणाला की बाई, खाली बसा आधी. अक्षर पाकिटावरच ओळखले होते. कॉन्व्हेंटचे ते उभे, ताठ अक्षर. माणूस तसेच.

आबांचे वाचून वाईट वाटले. मला ते कधी वाईट बोलले नाहीत. अट घातली, पण आवाज चढवला नाही. आमचे हे दीपगृहाच्या नोकरीतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आम्ही इथेच राहिलो. मूलबाळ झाले नाही. तुमचे पत्र मी यांना वाचून दाखवले. ते म्हणाले की मी त्या दिवशी घरीच थांबतो, तू जा, त्यांच्यात माझे काम नाही.

वन्सं, शेखरच्या हनुवटीवर विहिरीच्या दोराचा वण आहे का अजून? जेवताना पाय हलवतो का? हे काय विचारते मी. सदतीस वर्षांचा माणूस कशाला पाय हलवील.

भेटण्याचे लिहिते. मोटी दमणच्या किल्ल्याला दोन दारे आहेत. एक जमिनीकडे, एक नदीकडे. मोटी दमणच्या किल्ल्याच्या नदीकडच्या दारात मी अकरापासून बसून राहीन. तिथून दमणगंगा समुद्राला मिळते ते दिसते, जुनी गलबते तिथूनच आत यायची. ही नदी आपल्या नाशिकच्या डोंगरातच उगवते, तुम्हाला ठाऊक आहे ना? सगळ्या नद्या पूर्वेला जातात, ही एकटी इकडे आली. मी इथे नवी होते तेव्हा रोज तिच्याकडे बघत बसायची.

मी जाड झाले आहे आणि चष्मा लागला आहे. ओळखू आले नाही तर हसू नका. चहात बिस्किट बुडवणाऱ्याला अजून तुम्ही तशाच डोळे वटारून बघता का?

तुमची पायधूळ लागावी एवढीच वाट पाहते.

तुमची,
उज्वला

*

नाशिक, १३ फेब्रुवारी १९९४

उज्वलावहिनीस,
नमस्कार.

कार्डावर मावेल तेवढेच लिहिते. जागा कळली. अकरा वाजता पोहोचतो. मोठी असे लिहितात, मोटी नव्हे. तू तीनदा मोटी लिहिले आहेस. ठ ची शेंडी काय गुजरातेत गहाण टाकलीस? घरात जे बोलतात ते लिहू नये, हे तुला मी १९५६ सालीच सांगितले होते.

वण आहे. पायही हलवतो. पाच वर्षांच्या मुलीने बापाला हटकले तरी हलवतो.

भेटीअंती बोलूच.
छाया

*

नाशिक, २१ फेब्रुवारी १९९४

सौ. उज्वलाबाई यांस,
नमस्कार.

तुम्ही आला नाहीत.

मला कारण नको आहे. कारणे मी नोकरीत पुष्कळ ऐकली. पण काय घडले तेवढे लिहून ठेवते, म्हणजे कुणाची काय किंमत झाली ते तुम्हाला कळेल.

पहाटे पाचला निघालो. पेठच्या पुढे दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता. शेखरने गाडी थांबवून सृष्टीला एक फूल तोडून दिले. तिने ते मला लावले आणि आजी नवरी झाली असे जाहीर केले. मी काढले नाही. कपराड्याच्या घाटात दोनदा गाडी तापली. यादवचे म्हणणे असे की गाडी तापत नाही, आत्याबाईंच्या धाकाने घाम फुटतो. पावणेअकराला दमणात शिरलो. मोठा बाजार, हॉटेले, मोटारींची गर्दी, मासळीचा वास. एका दुकानदाराला मी माझ्या हिंदीत विचारले की बडा दमण यही है ना. तो म्हणाला, हां बेन, इससे बड़ा कहाँ मिलेगा. नदीकाठी किल्ला समोरच होता. दारावर एका संताचा भलामोठा पुतळा. आत एक चर्च आणि एक कबरस्तान. ऐतिहासिक बंदर ते एवढेच.

मी त्या दारात अकरापासून तीनपर्यंत उभी होते. उभी. शेखर म्हणाला, आत्या, सावलीत ये. मी म्हटले, मला इथून समुद्र छान दिसतो. मैना म्हणाली, जेवून येऊ. मी त्यांना पाठवले आणि स्वतः गेले नाही. यादव दोन तास गायब झाला आणि गोणपाटात काहीतरी गुंडाळून आला. मी विचारले तर म्हणाला, औषध हाय, हितं लय स्वस्त भेटतं. ते औषध परतीच्या प्रत्येक वळणावर वाजत होते.

नदीच्या पलीकडे दुसरा एक किल्ला आहे. तिकडच्या दारात एक बाई काळी छत्री घेऊन आमच्याइतकाच वेळ बसली होती. मनात आले, कुणाची तरी वाट पाहते आहे आणि निदान वाट पाहण्याची तिला लाज वाटत नाही. सृष्टी शेखरच्या खांद्यावर बसून तिला हात करत होती. ती छत्री हलवून उत्तर देई. अर्धा तास त्यांचा तो खेळ चालला. एक परकी बाई माझ्या नातीला ओळख देते, आणि सख्खी आजी घरात बसते!

शेखरने परत येताना विचारले की आत्या, तुला समुद्र आवडला नाही का. मी म्हटले, नाही. तो म्हणाला, पण तू तर त्याच्याकडे बघितलेच नाहीस.

तुम्ही त्याला एकदा सोडून गेलात. ते मी समजू शकत होते, सत्तावीस वर्षांची बाई, पुढे आयुष्य. काल दुसऱ्यांदा सोडलेत. हे मला समजत नाही.

यापुढे पत्र पाठवू नये.
छाया

*

॥ श्री ॥

मोटी दमण
२५ फेब्रुवारी १९९४

ती. स्व. छायावन्संना,
उज्वलाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

रागावलात की तुम्ही मला तुम्ही म्हणता, हे मी विसरले होते. पत्र पाठवू नका म्हणालात तरी हे एक घ्या.

वन्सं, ती छत्रीवाली मीच.

इथे नदीच्या दोन अंगांना दोन दमण आहेत. मी राहते ती मोटी दमण. समोरची नानी दमण. गुजरातीत मोटी म्हणजे मोठी आणि नानी म्हणजे लहान, हे खरे, पण फार वर्षांपूर्वी फिरंग्यांच्या वेळी ठेवलेली ती नावे. बाजार, हॉटेले, गर्दी सगळी नानीत गेली. आता लहानीच मोठी झाली आहे आणि मोटीत जुन्या कचेऱ्या, चर्च आणि आमच्यासारखी म्हातारी माणसे राहिली. मी गावाचे नाव लिहिले होते, तुम्ही त्याला शुद्धलेखन समजलात. मला तरी कुठे सुचले की तुमचे कार्ड आल्यावर पुन्हा लिहून कळवावे? वाचून हसलेच मी. वन्सं बदलल्या नाहीत म्हणून बरे वाटले.

मी साडेदहाला जाऊन बसले. पलीकडे अकराच्या सुमारास गाडी थांबलेली दिसली. माणसे उतरली. मला वाटले, सुट्टीची आली असतील. एक बाई दारात ताठ उभी राहिली ती हललीच नाही. मी मनात म्हटले, हिला पाय दुखत नाहीत का. मग एक माणूस पोरीला खांद्यावर घेऊन काठापर्यंत आला. तोंड दिसत नव्हते एवढ्या लांबून. पोरगी हात करू लागली. मी छत्री हलवली. म्हटले, तोवर वेळ जाईल, माझी माणसे येईपर्यंत.

चालताना तो एक हात पाठीमागे धरतो. तुमचे दादा धरत तसा. ते मी पाहिले, वन्सं, आणि मला वाटले की जगात अशी चालणारी माणसे असतात.

तुम्ही तीनला गेलात. मी साडेपाचपर्यंत बसले.

आता तुम्ही पुन्हा खटाटोप करू नका. मी त्याला पाहिले. तुमच्या मनातली भीती मला कळते आणि तुम्ही लिहिले नाही तेही कळते. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस म्हणालात. मी शेखरला तीन वर्षांत सतरा पत्रे टाकली, सगळी परत आली. प्रत्येकावर रिफ्यूज्ड असा इंग्रजी शब्द. त्यातला आर मी ओळखते. त्याच हाताने तुम्ही मला ओट्यावर बसवून माझी इंग्रजी सही शिकवली होती. हे मी कुणाला सांगितले नाही, यांनाही नाही. शेखरला तर कधीच सांगणार नाही. तुम्ही निर्धास्त असा.

माझ्या मनात तुमच्याविषयी किल्मिष नाही. ते तसेच राहू द्या.

तुमची,
उज्वला

*

नाशिक, ३ मार्च १९९४

सौ. उज्वलावहिनीस,
छायाचा नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र मी चार वेळा वाचले. चूक सापडली नाही. सगळी माझीच होती. विशेषनामाला विशेषण समजले. सिस्टरांनी मला यासाठी बाकावर उभे केले असते. पाटीवर इंग्रजीत नानी लिहिलेले मी वाचले होतेसुद्धा. वाटले, असेल कुणा म्हातारीच्या नावाचे. दोष गुजराती भाषेचाही आहे, पण तिच्याशी मी नंतर बघून घेईन.

तू शेखरला सांगणार नाहीस म्हणालीस. म्हणूनच मला सांगावे लागले. तुझ्या मोठेपणाखाली मला उरलेली वर्षे काढायची नाहीत.

परवा संध्याकाळी चहाच्या वेळी सांगितले. आधी किल्ल्यांचा घोटाळा सांगितला. तो पोट धरून हसला, माझी चूक सापडली की त्याला दिवाळी होते. मग पलीकडची बाई कोण होती ते सांगितले. हसणे थांबले. मग पत्रांचे सांगितले.

तुलाही सगळे ठाऊक नाही, ते आता ऐक. पहिली पत्रे आबांनी परत करायला लावली हे खरे. पण पाचव्यानंतर त्यांनी विचारणे सोडले होते. पुढची बारा मी माझ्या मनाने परत केली. शेखर तेव्हा शाळेतून येऊन आधी मला हाक मारू लागला होता. ती हाक जाऊ नये म्हणून. अकराव्या वर्षी त्याने तुझे नाव काढू नका म्हटले ते का, माहीत आहे? म्हणाला होता, तीन वर्षांत तिने एक कार्डसुद्धा टाकले नाही. मी शेजारी बसून वांगी चिरत होते. चिरतच राहिले.

हे सगळे त्याला सांगितले. त्याने कप विसळून ठेवला आणि फुलांच्या वाफ्यांकडे गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी एवढेच विचारले की मोटी दमणला वापीवरून कसे जायचे. रविवारी सहा तारखेला तो सृष्टीला घेऊन एस.टी.ने येतो आहे. मला चल म्हणाला नाही. मीही विचारले नाही.

हे पत्र त्याच्या आधी पोहोचले तर बरे. त्याला जेवताना बोललेले आवडत नाही. कारल्याची भाजी आवडते, पण दुसऱ्याच्या घरी नको म्हणतो, तेव्हा विचारू नकोस, सरळ वाढ. उन्हातून आल्यावर त्याचे डोके धरते, सांगणार नाही, कपाळ चोळतो त्यावरून कळते. त्याला जवळ घेऊ नकोस लगेच. तो वेळ घेतो. आठव्या वर्षीसुद्धा माझ्या कुशीत यायला त्याने पावसाळा अख्खा घेतला होता. एकदा आला की मग मात्र

असो. तुला ते आपोआप कळेल. तू त्याची आई आहेस.

छाया

*

॥ श्री ॥

मोटी दमण
७ मार्च १९९४

ती. स्व. छायावन्संना,
उज्वलाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र शनिवारी मिळाले. कारले केले होते. दोनदा घेतले.

तो अकराला आला. मी दारात होते. वाकून नमस्कार केला, यांनाही केला. मग आम्ही सगळे सृष्टीकडे बघत बसलो. तिने येताक्षणी मला विचारले, छत्री कुठाय तुझी? ती मला तू म्हणाली. शेखर मला दिवसभर तुम्ही म्हणाला. पाणी तुम्ही कुठून आणता, तुम्हाला डोळ्यांचा त्रास होतो का. चांगला बोलला, वन्सं. काही कमी केले नाही त्याने. पण मला त्याचे लहानपण ऐकायचे होते, आणि जे जे त्याने सांगितले त्यात तुम्ही होतात. सायकल शिकवताना तुम्ही पडलात ते. बोर्डाच्या परीक्षेला तुम्ही बाहेर उन्हात पेपरभर थांबलात ते. आत्या अशी करते, आत्याला हे चालत नाही. तुमच्यावर रागावला आहे तरी तुमच्याविषयीच बोलत होता. आणि तुमच्याबद्दल बोलताना तू, ती, अगं, सगळे एकेरी.

मला हेवा वाटला, खोटे कशाला लिहू. मग वाटले, माझ्या पोराला कुणाला तरी अगं म्हणता आले.

निघताना मी ती सतरा पत्रे त्याच्या हातात दिली. अजून बंदच आहेत. त्याने उघडली नाहीत. बराच वेळ एका पाकिटावरचे तुमचे अक्षर बघत होता. मग म्हणाला, येतो. फाटकापर्यंत गेला आणि परत आला. मला वाटले काही विसरला. डोके चोळत म्हणाला, थोडा चहा कराल का.

केला. बिस्किट बुडवून खाल्ले त्याने. हे तुम्ही त्याला कसे चालू दिले?

माया अशीच ठेवा, मला आणि त्यालाही.

तुमची,
उज्वला

*

नाशिक, २२ मार्च १९९४

सौ. उज्वलावहिनीस,
छायाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

शेखर शुक्रवारी गेला. विमानतळावर मैना रडली, सृष्टीने विमानाच्या नावाने बोटे मोडली, मी त्याच्या कॉलरचे बटण लावले. पोहोचल्याचा फोन आला. तुझा पत्ता त्याने वहीत लिहून नेला आहे, मोटी असेच. मी पाहिले.

तुला एक कळवायचे आहे. दमणहून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सात तारखेला, संध्याकाळी तो तुझी पत्रे घेऊन अंगणात आला. माझ्यासमोर खुर्ची ओढली, पहिले पाकीट माझ्या हातात दिले आणि म्हणाला, आत्या, वाच. मी म्हटले, तुला वाचता येते. तो म्हणाला, आठ वर्षांचा असताना कुणी तरी वाचून दाखवले असते, ते तूच दाखवले असतेस. मग मी चष्मा लावला.

रोज एक. त्याहून जास्त त्याला नको होते. मला तर अर्धेच पुरे झाले असते. तू लिहिले आहेस की कुत्र्याला दगड मारू नकोस. रोज नखे बघ. आत्या रागावली तर उलट बोलू नकोस, ती तुझ्यावर फार माया करते. हे सहाव्या पत्रात आहे. ते मी वाचू शकले नाही. त्याने पत्र माझ्या हातातून घेतले, ती ओळ स्वतः वाचली, आणि परत माझ्या हातात दिले. त्या दिवसापासून तो माझ्याशी पूर्वीसारखा भांडू लागला.

जाण्याआधी अकरा झाली. सहा राहिली. ती बरोबर ने म्हटले तर नाही म्हणाला. परत येईन तेव्हा तूच वाच, तोवर उघडू नकोस, असे बजावून माझ्या कपाटात ठेवून गेला. दोन वर्षे मी ती उघडणार नाही, आणि त्यांत काय आहे ते तूही मला लिहू नकोस.

बारावे सगळ्यात वर आहे. त्याच्या पाकिटामागे नाशिकचा शिक्का आहे, १८ जुलै १९६७. मला तो दिवस आठवतो. शेखरला विषमज्वर झाला होता. तापात तो आई, आई करत होता, आणि मी त्याचा हात धरून मी आहे ना, मी आहे ना, म्हणत होते. दुपारी पोस्टमनने हाक मारली. मी उठले, दारातच तो शब्द लिहिला, आणि आत येऊन त्याच्या कपाळावरची पट्टी बदलली.

ते पत्र मला त्याला वाचून दाखवायचे आहे. कोणत्या आवाजात, ते मला ठाऊक नाही.

कळावे. लोभ असावा, असे मी लिहीत नाही. आहे का, तेवढे कळव.

तुझी,
छाया